जाम झालेला स्क्रू आणि गेटिसबर्गची एक आठवण (थ्रेड)

१/
अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका लहान गावातील घराचे तळघर. कामाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरलेला आणि त्यावर एक गंजलेले रिव्हॉल्व्हर. नळीच्या बुडाशी, एका अंगाला, वाटाण्याएवढ्या डोक्याचा एक स्क्रू आहे. त्या डोक्यावर कधीकाळी खाच होती, हे आता सांगावे लागते. तो स्क्रू काढण्यासाठी त्या घरातील निवृत्त शिक्षकांना १९ दिवस लागले. तो निघाल्यावर जे दिसले त्याने, इतिहासाच्या वर्गात ३० वर्षे ते सांगत आलेली एक गोष्ट अडचणीत आली.

२/
आधी वस्तूची ओळख. रिव्हॉल्व्हर दिसायला १८५१ सालचे ‘कोल्ट नेव्ही’. सहा बारांचे, ०.३६ इंच व्यासाच्या नळीचे. यात काडतूस नसते. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढच्या तोंडाने दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्याने ती आत दाबून बसवायची. मागच्या बाजूला प्रत्येक घराला एक बारीक चोच असते, तिच्यावर तांब्याची टोपी चढवायची. घोडा त्या टोपीवर आदळला की बार उडतो. आपल्याकडची ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवे नाही. फरक इतकाच की इथे ठासणी सहा वेळा, आणि मग एकामागून एक सहा बार.

३/
‘नेव्ही’ हे नाव सिलिंडरवर कोरलेल्या देखाव्यावरून रूढ झाले. १६ मे १८४३ रोजी टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोच्या जहाजांशी कॅम्पेचेजवळ केलेल्या लढाईचे ते चित्र आहे, कोरक्या वॉटरमन ऑर्म्स्बी. सॅम्युएल कोल्टने हे मॉडेल हार्टफर्डच्या कारखान्यात दोन लाखांहून अधिक संख्येने बनवले. १८५३ ते १८५६ या काळात लंडनला टेम्सच्या काठीही त्याचा कारखाना चालला. यंत्राने बनवलेला कोणताही भाग कोणत्याही नगाला बसतो, असा त्याचा डौल होता. प्रत्यक्षात कारागिराची कानस शेवटपर्यंत सुटली नव्हती. एका नगाचे भाग दुसऱ्यात मिसळू नयेत म्हणून त्यांच्यावर क्रमांक ठोकलेले असत. हा ठोका मारण्याचा रिवाज पुढे कामाला येणार आहे.

४/
वर ‘दिसायला’ असे म्हटले ते मुद्दाम. टेबलावरचे रिव्हॉल्व्हर कोल्टचे नाही. ते इटलीत बनले आहे.

५/
ही कथा थोडी विलक्षण आहे. १९५० मध्ये अमेरिकेत ‘नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन’ स्थापन झाली. यादवी युद्धातल्या पद्धतीच्या बंदुकांनी नेमबाजीच्या स्पर्धा भरवायच्या, हा तिचा उद्देश. १९५७ मध्ये युद्धाच्या शताब्दीसाठी काँग्रेसने एक आयोग नेमला. जुलै १९६१ मध्ये मॅनॅससच्या लढाईचा भव्य प्रयोग झाला, हजारो हौशी सैनिक गणवेश घालून मैदानात उतरले. पण सगळ्यांच्या कमरेला लावायला अस्सल कोल्ट आणायची कुठून? असली ती महाग, शंभर वर्षांची, आणि बार काढायला धोक्याची.

व्हॅल फोर्गेट या अमेरिकन व्यापाऱ्याने ही गरज हेरली. त्याच्या कंपनीचे नावच ‘नेव्ही आर्म्स’. प्रतिकृती बनवून घेण्यासाठी तो उत्तर इटलीतल्या ब्रेशाजवळच्या त्रोंपिया खोऱ्यात, गार्दोने या गावी पोहोचला. गाव साधे नव्हे. तिथल्या बेरेटा घराण्याने व्हेनिसच्या शस्त्रागाराला नळ्या पुरवल्याची नोंद १५२६ सालची आहे. त्या खोऱ्यातल्या आल्दो उबेर्ती याने १९५९ मध्ये आपला कारखाना काढला आणि अमेरिकेच्या इतिहासाची हत्यारे आल्प्सच्या पायथ्याशी पुन्हा घडू लागली.

६/
जाता जाता. सर्जिओ लिओनेच्या १९६६ च्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्ये क्लिंट ईस्टवुडच्या हातात नेव्हीचेच रूप आहे. तेही इटालियन प्रतिकृतीचे, आणि त्यात धातूची काडतुसे घातलेली. चित्रपटातला काळ १८६२ चा; कोल्टमध्ये काडतुसांसाठी असे फेरफार होऊ लागले ते युद्ध संपल्यावर. म्हणजे प्रतिकृती खोटी, आणि तिचे सोंगही चुकीच्या काळातले. तरीही जगभरच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे ‘जुने रिव्हॉल्व्हर’ म्हणून तेच येते.

७/
आता तळघरात परत. शिक्षकांचे वडील रेल्वेत नोकरीला होते आणि सुटीच्या दिवशी युनियनचे घोडेस्वार. घरात एक वाक्य ठरलेले होते : ‘जुलै ६३ ला, गेटिसबर्गच्या शंभरीला, हेच माझ्या कमरेला होते.’ मुलगा इतिहासाचा शिक्षक झाला. दर वर्षी गेटिसबर्गचा धडा आला की तो वर्गात हे वाक्य सांगे. वडील गेल्यावर एक लाकडी पेटी त्याच्याकडे आली. पेटीत हे रिव्हॉल्व्हर, पात्याचा एक कोपरा तुटलेला सुतारी स्क्रूड्रायव्हर, आणि एक काळे-पांढरे छायाचित्र.

८/
रिव्हॉल्व्हर इतके का गंजावे? दोष लोखंडाचा नाही, दारूचा आहे. काळ्या दारूत सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. ती जळते तेव्हा निम्म्याहून अधिक वस्तुमान वायू होत नाही, त्याची घन राख होते. त्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात आणि त्यांतले काही हवेतला ओलावा शोषून घेतात. म्हणून काळी दारू वापरणारा माणूस संध्याकाळी जेवायच्या आधी हत्यार गरम साबणाच्या पाण्याने धुतो. एक दिवस टाळले तर तांबूस डाग, एक ऋतू टाळला तर खड्डे. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधला गंज म्हणजे आतून ठोकलेली पाचरच.

हे हत्यार शेवटच्या बारानंतर कधी धुतलेच गेले नव्हते. का, ते पुढे कळेल.

९/
अशा वेळी हौशी माणूस थेट स्क्रूला हात घालतो. शिक्षकांनी घातला नाही, आणि या साऱ्या प्रकरणातला त्यांचा हा सर्वांत शहाणा निर्णय. पहिला प्रश्न हा की रिव्हॉल्व्हर भरलेले तर नाही? काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते. २००८ मध्ये व्हर्जिनियात यादवी युद्धातला एक तोफगोळा साफ करताना स्फोट होऊन एक अनुभवी संग्राहक घराच्या अंगणात ठार झाला. जाम स्क्रूवर उष्णता द्यावी लागते, हे सर्वांना ठाऊक असते. ती उष्णता सहा इंचांवरच्या दारूपर्यंत जाते, हे विसरले जाते.

१०/
चोचींवर टोप्या नव्हत्या, पण त्याने काही सिद्ध होत नाही. सिलिंडर गंजाने घट्ट, फिरत नव्हता. नळीत लाकडी काडी घालून समोरचे घर रिकामे असल्याची खात्री झाली. बाजूच्या घरांची तोंडे पुढून टॉर्चच्या उजेडात दिसली, तीही रिकामी. उरले सर्वांत खालचे घर. ते नेमके ठासणीच्या दांड्याच्या दट्ट्यासमोर येते, त्यामुळे ते दिसतही नाही आणि तिथे काडीही जात नाही. सहापैकी पाच रिकामी म्हणजे रिव्हॉल्व्हर रिकामे, असा हिशेब इथे चालत नाही. त्यांनी ठरवले : ते घर उघडे दिसेपर्यंत आग नाही.

११/
कोल्ट नेव्हीची नळी सांगाड्याला स्क्रूने जोडलेली नसते. सिलिंडरच्या मधून जाणाऱ्या जाड दांड्यावर ती सरकवतात आणि आडवी पाचर ठोकून अडवतात. पाचर उजवीकडून डावीकडे काढायची. गंज सोडवणारे तेल दिवसातून दोनदा, लाकडाचा ठोकळा, हलकी हातोडी. पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी सकाळी पाचर केसभर सरकली.

पाचर निघाली तरी नळी येईना. एरवी ठासणीचा दांडा सिलिंडरवर टेकवून दाबला की नळी आपोआप पुढे सरकते. पण दांडाच जाम होता. मग लाकडी हातोडीने दोन्ही अंगांना आळीपाळीने टकटक, आणि दोन दिवस गेले. नळी सुटली. खालच्या घराच्या तोंडाशी घट्ट काळपट थर होता. वर्षांनुवर्षे सुकलेली चरबी; गोळ्यांवर ती लावण्याचा रिवाज असतो. लाकडी काडी चरबीतून आरपार तळाला टेकली. गोळी नव्हती, दारू नव्हती. त्या रात्री शिक्षक निवांत झोपले असावेत.

१२/
आता तो स्क्रू. तो नळीच्या बुडातून आडवा जातो आणि ठासणीचा दांडा त्याच्यावर बिजागरीसारखा फिरतो. हा निघाल्याशिवाय दांडा सुटणार नाही आणि दांड्याखालची नळी कधी दिसणार नाही.

पण खाचेचा स्क्रू इतक्या सहज खराब का होतो? मळसूत्र ही कल्पना प्राचीन, पण अचूक आटे यंत्रावर कापणे शक्य झाले ते १८०० च्या आसपास, हेन्री मॉड्स्लेच्या लेथवर. मग १८४१ मध्ये व्हिटवर्थने आट्यांचे प्रमाण सुचवले, ५५ अंशांचे. अमेरिकेत सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचे. आटे असे सुधारत गेले, डोक्यावरची खाच मात्र कितीतरी काळ तशीच राहिली. एक सरळ चीर. चौकोनी भोकाचा रॉबर्टसन स्क्रू १९०८ चा आणि फुलीचा फिलिप्स १९३० च्या दशकातला. त्याआधीच्या सगळ्या पिढ्यांनी त्या एका चिरेवर भिस्त ठेवली.

१३/
आणि खरा घोटाळा चिरेतही नाही. साध्या स्क्रूड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते असते. खाचेच्या भिंती मात्र समांतर असतात. निमुळते पाते खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकते. जोर दिला की कडांवरून चढून बाहेर येते आणि येताना कड खरवडून नेते. दोन-तीनदा असे झाले की खाचेची पन्हळ होते. बंदूक दुरुस्त करणारे म्हणूनच समांतर बाजूंचे पाते वापरतात आणि प्रत्येक स्क्रूसाठी ते घासून मापाचे करतात. खाचेत पूर्ण खोल, पूर्ण रुंद, जराही न हलता बसले पाहिजे. सुताराचा स्क्रूड्रायव्हर सुताराकडेच बरा.

१४/
भिंगातून खाच साफ करताना शिक्षकांच्या सुईला काहीतरी लागले. पोलादाचा एक चकचकीत त्रिकोणी कण, तांदळाच्या कणीएवढा. तो त्यांनी चिमट्याने उचलला, आणि पेटीतला सुतारी स्क्रूड्रायव्हर आणून त्याच्या तुटक्या कोपऱ्याशी धरला. बसला.

म्हणजे वडिलांनी हा स्क्रू उघडायचा प्रयत्न केला होता. पाते तुटेपर्यंत केला होता. तुटल्यावर रिव्हॉल्व्हर पेटीत गेले आणि पुन्हा बाहेर आले नाही. आळस म्हणून ते न धुतलेले राहिले असे मुलाने आयुष्यभर गृहीत धरले होते.

१५/
पुढची पद्धत जुनी आणि चांगली आहे. विस्कटलेल्या खाचेच्या वर आलेल्या कडा लहान हातोडीने हळूहळू ठोकून पुन्हा आत बसवायच्या. खरवडलेले लोखंड गेलेले नसते, बहुतेक वेळा ते फक्त बाजूला सरकलेले असते. मग सोनाराच्या बारीक करवतीने खाच नव्याने कापायची. त्या नव्या खाचेच्या मापाचे पाते घासून करायचे. फिरवण्याआधी पात्याच्या मुठीवर हातोडीचे हलके ठोके द्यायचे, आणि आधी किंचित आवळायचे, मग सोडवायचे. उलटे वाटते, पण गंजाची पकड तुटते ती अशा मागेपुढे करण्यानेच.

हे सगळे त्यांनी केले. स्क्रू हलला नाही. बाराव्या दिवशी धीर सुटला, पाते जरा तिरके झाले आणि नव्या खाचेची एक भिंत तुटून पडली. कुणाचा राग करावा, वडील तर जवळ नव्हते.

१६/
चूक दुसरीकडेच होती. आठवडाभर तेल स्क्रूच्या डोक्यावर पडत होते. पण या स्क्रूला डोक्याजवळ आटे नसतातच. तो नळीच्या बुडाच्या एका भिंतीतून नुसता जातो, दांड्याच्या भोकातून पार होतो आणि आटे लागतात ते पलीकडच्या भिंतीत. गंज तिथे, औषध इथे. पलीकडच्या अंगाला स्क्रूचे टोक बारीक ठिपक्यासारखे दिसत होते. नळी उलटी करून तेल तिथून सोडले. मग, आता दारूची भीती नव्हती म्हणून, त्या टोकावर झाळायच्या इस्त्रीचे तोंड टेकवून उष्णता दिली. मोठी ज्योत नाही. पोलादावर २२० अंशांच्या आसपास पिवळसर छटा चढते आणि ३०० च्या जवळ निळी. त्याहून अधिक तापले की मूळ झळाळी गेलीच. तापवायचे, निवू द्यायचे, तेल द्यायचे. असे चार दिवस.

१७/
खाच मात्र आता फिरवण्याजोगी उरली नव्हती. बाजारात तुटका स्क्रू काढायचे उलट्या आट्यांचे खिळे मिळतात. ते वापरू नयेत असे नाही, पण लहान स्क्रूत ते मोडतात, आणि मोडलेला तुकडा इतका कठीण असतो की ड्रिलचे पाते त्याला शिवत नाही. तेव्हा पेच आणखी वाढतो. त्यापेक्षा डाव्या वळणाचे ड्रिल बरे. डोक्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करायची, नळी शिकंज्यात लाकडात धरायची, आणि ड्रिल उलट्या दिशेने, अगदी सावकाश फिरवायचे. पाते लोखंड कापते ते स्क्रू सोडवण्याच्याच दिशेने.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी, भोक दोन मिलिमीटरही खोल नसताना, पाते अडले. अडले म्हणजे त्याने स्क्रूला पकडले. आणि स्क्रू फिरला. कर्र असा आवाज झाला, लाल भुकटी पडली, आणि तो एकेक आटा बाहेर येऊ लागला. शिक्षकांनी ड्रिल थांबवले आणि उरलेला बोटांनी काढला.

१८/
ठासणीचा दांडा उचलला. त्याखालची नळी बाहेरच्यापेक्षा बरी होती. रॉकेलात बुडवलेल्या कापडाने पुसल्यावर लोखंडात ठोकलेल्या खुणा उमटल्या. गार्दोनेच्या सरकारी चाचणीगृहाचे ठसे. इटलीत प्रत्येक हत्यार विकण्याआधी जादा दारूचा बार काढून तपासावे लागते आणि त्या वर्षाची खूण एका चौकटीत ठोकतात. १९४५ पासून ही वर्षे रोमन आकड्यांत मोजली गेली. १९५४ म्हणजे दहा, १९६४ म्हणजे वीस. १९७४ ला तीस झाल्यावर पुढच्या वर्षापासून अक्षरांची जोडी सुरू झाली.

चौकटीत तीन खुणा होत्या. दोन फुल्या आणि एक उभी रेघ. एकवीस. म्हणजे १९६५.

१९/
गेटिसबर्गची शताब्दी जुलै १९६३ ची. हे रिव्हॉल्व्हर तेव्हा घडलेलेच नव्हते.

ठशात शंकेला जागा फारशी नसते. दुसरी नळी बसवली असेल का? वळणाचे क्रमांक पाहिले, नळीचा आणि सांगाड्याचा एकच. वडील अॅपोमॅटॉक्सच्या शंभरीला, एप्रिल १९६५ मध्ये गेले असतील आणि दोन सोहळे आठवणीत एक झाले असतील? शक्य आहे. ६३ मध्ये मित्राचे उसने आणलेले दुसरे असेल आणि पुढे स्वतःचे घेतल्यावर ‘हेच’ हा शब्द त्याला चिकटला असेल? तेही शक्य आहे. माणसे खोटे न बोलताही असे बोलतात. ज्या शिक्षकाने ३० वर्षे मुलांना ‘साक्षीदाराला आधी तारीख विचारा’ असे शिकवले, त्याने आपल्या एका साक्षीदाराला ती कधी विचारली नव्हती.

२०/
बहिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘बाबांनी काय घेतलं होतं ते मला नाही आठवत. पण परत आल्यावर तीन दिवस घसा बसला होता, ते आठवतं.’

२१/
मग पेटीतले छायाचित्र. मागे पेन्सिलीने ‘गेटिसबर्ग, जुलै ६३’, अक्षर वडिलांचे. उन्हात डोळे बारीक केलेला एक तरुण, युनियनचा निळा कोट, कमरेला पट्टा. पट्ट्याला चामड्याची रिव्हॉल्व्हरची पिशवी, युद्धकाळातल्या लष्करी पद्धतीची, वरून पूर्ण झाकणारे झाकण असलेली. झाकण पितळी बोंडात अडकवलेले आहे. आत काय आहे, काही आहे की नाही, ते दिसत नाही.

२२/
नवा स्क्रू इटलीतून मागवला. तिथले आटे मेट्रिक, अमेरिकन दुकानातला स्क्रू बसत नाही. तो यायला तीन आठवडे लागले. रिव्हॉल्व्हर आता धुतलेले, तेल दिलेले, दांडा मोकळा फिरतो. जुना स्क्रू आणि तो पोलादाचा त्रिकोणी कण एका काचेच्या कुपीत घालून पेटीतच ठेवले आहेत. पेटीवरच्या चिठ्ठीत आधी ‘गेटिसबर्ग १९६३’ असे होते. शिक्षकांनी ते खोडले नाही. त्याखाली दुसऱ्या शाईने लिहिले : ‘नळीवरचा ठसा १९६५. पाहा.’